मेन स्विच बंद, मग फिश टँकचे काय?

आजकाल कापडाचे दुकान असो, सलून असो, हॉटेल असो वा डॉक्टरांचा दवाखाना, काउंटरच्या बाजूला काचेची फिश टँक हटकून दिसते. गिऱ्हाईक दोन मिनिटे थांबते, सोबतचे मूल रमते आणि दुकानाला रौनक येते. घरोघरीही मुलांच्या हट्टापायी अशी टँक आलेली आहे. टँक घेताना आपण काच पाहतो, मासे पाहतो, किमतीची घासाघीस करतो. पण वीज गेली तर या माशांचे काय होणार, हा सवाल कोणी विचारत नाही. आम्हीही विचारला नव्हता. त्याची जी किंमत मोजावी लागली, ती व्यापारी बंधूंना मोजावी लागू नये म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी रमजानच्या महिन्यात आम्ही दुकानात दोन फूट लांबीची टँक ठेवली. तीत सहा गोल्डफिश आणि दोन गुरामी सोडले. कापडाच्या दुकानदाराला सर्वांत मोठी धास्ती आगीची असते. म्हणून शटर ओढण्यापूर्वी मेन स्विच खाली पाडायचा, ही आमची वडिलांच्या वेळेपासूनची सवय. रोज सकाळी दुकान उघडले की गोल्डफिश पाण्याच्या वर येऊन तोंड उघडताना दिसत. आम्हाला वाटे, बिचाऱ्यांना भूक लागली. म्हणून आम्ही मूठ सैल करून खाणे टाकत होतो. चांदरातीला दुकान बंद करताना तर तीन दिवसांचे खाणे एकदम टाकले आणि नेहमीप्रमाणे मेन स्विच पाडला. ईदनंतर दुकान उघडले तेव्हा पाणी पांढरट झाले होते, दुर्गंधी सुटली होती आणि सहाही गोल्डफिश मेलेले होते. दोन्ही गुरामी मात्र जिवंत होते.

ज्या व्यापाऱ्याकडून मासे घेतले होते, त्याच्याकडे आम्ही तक्रार घेऊन गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सेठ, हे मासे माझ्याकडे चेन्नईहून आले. एक दिवसाहून जास्त वेळ बंद खोक्यात होते. तिथे ना लाइट, ना पंप. तरी जिवंत पोहोचले. मग तुमच्या टाकीत का मेले?"

या सवालाच्या उत्तरातच सारे ज्ञान आहे.

मासे पाठवणारा व्यापारी काय करतो?

चेन्नईचा कोळत्तूर हा भाग शोभेच्या माशांच्या धंद्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथून माल मुंबईस आणि इतर शहरांस जातो. माल पाठवणारा व्यापारी आधी एक-दोन दिवस माशांना उपाशी ठेवतो. मग प्लास्टिकच्या पिशवीत थोडे पाणी घेऊन त्यात हिशेबाने मोजके मासे सोडतो. पिशवीतील हवा काढून तीत सिलिंडरमधील शुद्ध ऑक्सिजन भरतो. साधारणपणे एक हिस्सा पाणी आणि दोन-तीन हिस्से ऑक्सिजन. तोंड घट्ट बांधून पिशव्या थर्माकोलच्या पेटीत ठेवतो, म्हणजे आत अंधार राहतो आणि गरमी शिरत नाही.

म्हणजे पाच गोष्टी झाल्या: पोट रिकामे, संख्या मोजकी, ऑक्सिजन भरपूर, पाणी थंड आणि अंधारात शांतता. आमच्या दुकानात या पाचांच्या नेमके उलट झाले होते. खाणे भरपूर, मासे जास्त आणि ऑक्सिजनची वाट बंद. वीज जाणे म्हणजे माशांसाठी एक प्रवासच आहे असे समजावे आणि मासे पाठवणारा व्यापारी जे करतो तेच आपण करावे. हा एक मुद्दा ध्यानात राहिला तर पुढचे सर्व आपोआप समजेल.

ऑक्सिजनचा जमाखर्च

माणूस हवेतून श्वास घेतो, मासा पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगतो. हा साठा फारच तुटपुंजा असतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ७.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तेवढ्याच हवेत त्याच्या सुमारे पस्तीसपट ऑक्सिजन असतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा केली तर ५० लिटरच्या आतच. अशा साऱ्या टाकीत मिळून ऑक्सिजन ३८० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. सराफाच्या भाषेत जेमतेम तीन गुंजा. एवढ्या भांडवलावर आठ मासे रात्रंदिवस जगतात.

मग ते जगतात कसे? कारण जमा चालू असते. पाण्याच्या वरच्या पातळीवर हवा आणि पाणी एकमेकांना भिडतात, तिथून ऑक्सिजन सतत आत येतो. पंपाचे बुडबुडे पाहून वाटते की बुडबुड्यांतूनच सारा ऑक्सिजन मिळतो. खरे पाहता बुडबुड्यांचे मोठे काम निराळे आहे. ते तळाचे पाणी वर आणतात आणि वरची पातळी हलती ठेवतात. वीज गेली की ही हालचाल थांबते. जमा घटते, खर्च मात्र तसाच चालू राहतो. भरगच्च टाकीत एक-दोन तासांतच मासे वर येऊन धापा टाकू लागतात. मोजके मासे असलेली रुंद टाकी मात्र कित्येक तास काही न करताही निभावून नेते.

उन्हाळ्यात हिशेब आणखी बिघडतो. २० अंशांच्या पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांवर तो ७.६ वर येतो. उलट गरम पाण्यात माशाचे शरीर अधिक वेगाने चालते आणि त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणजे आवक कमी आणि खर्च जास्त. मालेगाव, भिवंडी यांसारख्या गावांत मे महिन्याच्या दुपारी वीज गेली तर हाच प्रकार होतो. रात्रीही सावध राहावे. पाण्यातील हिरव्या वनस्पती उजेडात ऑक्सिजन देतात, पण अंधारात त्याही ऑक्सिजन घेतात.

आता गुरामी का वाचले, ते सांगतो. गुरामी आणि फायटर या जातींना कल्ल्यांखेरीज एक खास अवयव असतो. त्याच्या साह्याने ते वर येऊन सरळ हवेतून श्वास घेतात. गोल्डफिशला ही सोय नाही आणि ऑक्सिजन मात्र भरपूर लागतो. रोज सकाळी आमचे गोल्डफिश तोंड उघडत होते ते भुकेने नव्हे, तर त्यांचा जीव घुसमटत होता. आम्ही खाणे टाकून त्यांचा त्रास वाढवत होतो, कारण न खाल्लेले अन्न कुजताना राहिलेला ऑक्सिजनही फस्त करते.

फिल्टरमधील न दिसणारे कामगार

दुसरा धोका उशिरा येतो. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया हे विष पाण्यात येते. फिल्टरच्या स्पंजमध्ये व वाळूत राहणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच; नायट्रेट मात्र बरेच निरुपद्रवी असते. या जीवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. फिल्टर बंद पडला की त्यातील पाणी साचते, काही तासांत ऑक्सिजन संपतो आणि जीवाणू मरू लागतात. डब्यासारखा बंद फिल्टर असेल तर आत पाणी सडते. वीज आल्यावर असा फिल्टर तसाच चालू केला तर ते सडके पाणी थेट माशांवर येते. वीज नसताना वाचलेले मासे वीज आल्यावर मरतात, ते यामुळे.

आधीची तयारी

१) मासे कमी ठेवावेत. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे. रौनक वाढावी म्हणून आपण टाकी भरतो. दोन फुटांच्या टाकीत दोन गोल्डफिशही भरपूर झाले.

२) टाकी उंच घेण्यापेक्षा रुंद घ्यावी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीची वरची पातळी दोन चौरस फूट असते. तीच टाकी उभी केली तर पाणी तेवढेच, पण पातळी एक चौरस फूट. काचेची टाकी बनवणाऱ्या कारागीर बंधूंनी गिऱ्हाइकाला हे जरूर समजावून सांगावे. गोल भांडे असेल तर गळ्यापर्यंत न भरता जिथे ते सर्वांत रुंद आहे तिथपर्यंतच पाणी भरावे.

३) सेलवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवावा. काहीशे रुपयांत मिळतो. सेल पंपात घालून ठेवू नयेत, ते गळतात. पंपाबरोबर पिशवीत ठेवावेत. चार्जिंगचे पंपही मिळतात. त्यांतील काही वीज गेली की आपोआप सुरू होतात. पॉवर बँकेवर पंप चालवायचा असेल तर आधी करून पाहावे, कारण इतक्या कमी विजेवर काही पॉवर बँका स्वतःच बंद पडतात.

४) इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवर फक्त एअर पंप घ्यावा. लहान एअर पंप अवघी ५ वॅटच्या आसपास वीज घेतो. ७५ वॅटच्या एका छताच्या पंख्याच्या विजेत असे पंधरा पंप चालतील. टँकचा दिवा व हीटर इन्व्हर्टरवर घेऊ नये.

५) एअर पंप टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. खाली ठेवला असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येऊन पंपात शिरू शकते, जमिनीवर सांडू शकते आणि वीज येताच शॉर्टसर्किटचा धोका होतो. तसे ठेवणे जमत नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. अगदी स्वस्त वस्तू आहे.

६) एक बादली पाणी नेहमी उघडे भरून ठेवावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन दिवसभरात उडून जातो आणि असे पाणी अडचणीच्या वेळी कामी येते.

वीज गेल्यावर

सर्वांत आधी खाणे बंद. निरोगी मोठा मासा कित्येक दिवस न खाता राहतो. उपासाने तो मरत नाही, घुसमटून मरतो. टाकीचे काचेचे झाकण काढावे आणि मासा उडी मारून बाहेर पडू नये म्हणून मच्छरदाणीची जाळी वर टाकावी. सेलचा पंप असेल तर लगेच सुरू करावा.

पंप नसेल तर स्वच्छ मग घ्यावा. साबण लागलेला नसावा. टाकीतीलच पाणी मगात घेऊन वीतभर उंचीवरून परत टाकीत ओतावे. असे पंधरा-वीस वेळा करावे आणि अर्ध्या अर्ध्या तासाने पुन्हा करावे. हे काम घरातील मूलही करू शकते. तरीही मासे वर येऊन धापा टाकत असतील तर टाकीतील चौथा हिस्सा पाणी काढून बादलीतील साठवलेले पाणी हळूहळू ओतावे. दोन्हींच्या तापमानात फार फरक नसावा.

उन्हाळ्यात टाकीवर ऊन येऊ देऊ नये. पाणी फार तापले तर बर्फ भरलेली बंद बाटली टाकीत तरंगत ठेवावी, पण एकदम थंडावा आणू नये. बर्फ सरळ पाण्यात टाकू नये. हिवाळ्यात उलट टाकीच्या चारही बाजूंना जाड चादर गुंडाळावी, वरची बाजू मोकळी ठेवावी.

आणखी एक गोष्ट. वीज गेली की पंखा बंद, डास सुरू. मग आपण कॉइल पेटवतो किंवा फवारा मारतो. डासांवरील औषधे माशांसाठी फार विषारी असतात आणि एअर पंप खोलीतीलच हवा पाण्यात सोडतो. टँक असलेल्या खोलीत कॉइल, फवारा, उदबत्ती टाळावी. जनरेटर असेल तर तो बाहेर उघड्यावरच ठेवावा. बंद जागेत त्याचा धूर माशांच्या आधी माणसाचा जीव घेतो.

वीज आल्यावर

घाईने सर्व बटणे चालू करू नयेत. आधी तारांवर, पंपावर पाणी सांडले आहे का ते पाहावे. हीटरच्या काचेला पाणी पुरते लागलेले असेल तरच तो चालू करावा, नाहीतर काच तडकते. वीज तास-दीड तासच गेली असेल तर फिल्टर सरळ चालू करावा. कित्येक तास गेली असेल तर फिल्टर उघडून आतील पाणी फेकून द्यावे आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळून घ्यावा. नळाखाली धुऊ नये. त्यातील क्लोरीन उरलेसुरले जीवाणूही मारतो. मेलेला मासा लगेच काढावा. पुढचे तीन-चार दिवस खाणे अगदी थोडे द्यावे आणि अधूनमधून चौथा हिस्सा पाणी बदलावे, म्हणजे जीवाणू पुन्हा वाढेपर्यंत अमोनिया साचणार नाही.

दुकानदारांसाठी

वीज जाणे फक्त वीज कंपनीच्या हाती नसते. दुकानदार रोज रात्री स्वतःच्या हाताने वीज घालवतो. आगीच्या भीतीने मेन स्विच पाडणे चूक आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. कापड, लाकूड, फोम, रंग यांच्या व्यापाऱ्याने मेन स्विच पाडलाच पाहिजे. माशांसाठी लाखोंचा माल धोक्यात घालण्यात शहाणपण नाही. मग दोनच रस्ते उरतात. एक, लायसन्स असलेल्या वायरमनकडून टँकसाठी वेगळे सर्किट, त्याला स्वतंत्र एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्यावा व रात्री बाकीची सर्व सर्किटे बंद करावीत. दुसरा रस्ता साधा आहे आणि आम्ही तोच धरला. टाकी अशी ठेवावी की पंपाविनाही तिचे चालावे: रुंद टाकी, मोजके पाणवेली-गवत, दोन-तीन गुरामी, आणि दुकान बंद करण्यापूर्वी खाणे नाही. फायटर ठेवायचा असेल तर एकच नर ठेवावा, दोन नर एकमेकांना फाडतात. ईदची किंवा लग्नकार्याची लांब सुट्टी असेल तर शेजाऱ्याला किल्ली देऊन दिवसातून एकदा पाहून येण्यास सांगावे.

विजेचा भरवसा धरून बसू नये. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकाएकी गेली. मुंबईची वीज जात नाही असे म्हणणारे त्या दिवशी गप्प झाले. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड व रत्नागिरीतील कित्येक गावे बरेच दिवस अंधारात होती. अशा संकटात माणसांचा जीव आधी हे खरे. पण ज्याने टाकीत मासे कमी ठेवले त्याला त्या धावपळीत माशांकडे पाहावेही लागत नाही.

शेवटी एक गोष्ट. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या, तिला खायलाही न देणाऱ्या आणि मोकळेही न सोडणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. टाकीतील मासाही आपणच कोंडलेला असतो. नदीत पाणी कमी झाले तर तो दुसरीकडे जाऊ शकतो, काचेतून कुठे जाणार? तो आपल्याकडे अमानत आहे. व्यापारी माणूस अमानतीचा हिशेब चोख ठेवतो. आम्ही तो सहा जिवांच्या बाबतीत ठेवला नाही, याची खंत आजही वाटते. आज रात्री दुकान बंद करताना, मेन स्विचवर हात जाण्यापूर्वी, टँककडे एकदा नजर टाकावी आणि मासे मोजावेत. जास्त वाटले तर उद्याच दोन-चार कमी करावेत.

अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या हाती असलेल्या जिवांची काळजी घेण्याची तौफिक देवो. आमीन.